उद्याची कळी

“दुधाऐवजी आता मध घालून पाहू का, बुवा?”

भानुबुवा मठाच्या पायरीवर भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“मध कशाला?”

“मुळं फुटायला.”

“आधी काय घातलंस?”

“अभिषेकाचं दूध, समाधीचं तीर्थ… कशाची म्हणून कसर ठेवली नाही हो!” जयराम कळवळून म्हणाला. “तरी लावलेली एकूण एक फांदी कुजली.”

थोरल्या महाराजांच्या समाधीशेजारची तगर त्यांनी, म्हणजे बुवांच्या गुरूंनी, हयातीत स्वतःच्या हाताने लावलेली. तिचं खोड किडीने पोखरलं होतं. आता एकच फांदी हिरवी उरली होती, तीही गेली की संपलं. रोज पहाटे याच झाडाचं फूल समाधीवर वाहायचं, हा जयरामचा नेम. तापाने फणफणला असतानाही त्याने खाडा पडू दिला नव्हता, आणि मठात येणाऱ्या प्रत्येकाला हे तो एकदा तरी ऐकवायचाच.

“ती शेवटची घेऊन ये,” बुवा म्हणाले.

जयरामने फांदी कापून आणली. शेंड्याला टपोऱ्या कळ्या होत्या, त्यातली एक तर उद्या उमलणारच.

“आधीच्याही अशाच होत्या?”

“अगदी निवडून घेतलेल्या! बिनकळीच्या काडीला हातसुद्धा लावला नाही.”

“हं…”

बुवांनी चाकू घेतला. फांदी वीतभर ठेवली, खालची पानं काढली, वरची अर्धी छाटली. बुडाची साल जराशी खरवडली, तसा पांढरा चीक आला. मग ते नखाने एकेक कळी खुडू लागले.

“अहो बुवा! ती उद्याची…”

तीही चिरडून खाली पडली.

बुवांनी काडी ओल्या वाळूत खोचली आणि कुंडी सावलीत सरकवली.

“दूध नको, तीर्थ नको. वाळू ओली राहील इतकंच पाणी घाल. फुलायचं काम तिला आता नाही, मुळं धरायचं आहे.”

जयराम त्या कळ्यांकडे बघतच राहिला. त्याचे डोळे भरून आले. इतक्या वर्षांचा नेम बुवांनी चिमटीसरशी मोडला होता. त्याला बुवांचा राग आला, आणि राग आला याची लाजही वाटली.

“मग उद्या समाधीवर काय घेऊन जाऊ?”

बुवांनी पुढची शेंग उचलली.

“काही नको. रिकाम्या हाताने जा… तुला तसं महाराजांनी अजून पाहिलेलंच नाही.”