कमानीखालची खुर्ची

"अजून किती दिवस, एलिया?"

एलिया साळवेने वर पाहिलं. वेदीसमोरची उंच, टोकदार कमान त्याने नव्याने उभारली होती. घडीव दगडाला दगड भिडवून, थेट दीडशे वर्षांपूर्वीसारखी. तिच्याखालचा लाकडी टेकू मात्र अजून तसाच होता.

"आठवडाभर राहू द्या, बाबा."

"मागच्या रविवारीही हेच म्हणालास."

बर्नाडबाबा त्या ख्रिस्ती देवळाचे जुने गवंडी. छिन्नी धरायला एलिया त्यांच्याकडेच शिकला. मग परदेशात जाऊन मोठा वास्तुकार होऊन आला, आणि आल्या आल्या म्हणाला होता, "आता अंदाजपंचे काही नाही, बाबा. सगळं गणितानं."

बाबा नुसते हसले होते.

जुनी कमान ढासळल्याला तीन पावसाळे झाले. तेव्हापासून मंडळी अंगणात ताडपत्रीखाली उपासनेला बसत. आत्ताही बाहेर गाणं चाललं होतं.

"गणित बरोबर आहे?" बाबांनी विचारलं.

"तीनदा तपासलंय."

"चुना धरला?"

"कधीच."

"मग लाकूड कशाला?"

"खबरदारी म्हणून."

"कमानीसाठी?"

एलियाने टेकूवर हात ठेवला. बाहेरचं कडवं संपलं, दुसरं सुरू झालं...

"माझ्यासाठी," तो म्हणाला.

बाबांनी कोपऱ्यातली खुर्ची ओढत आणली, कमानीच्या बरोब्बर खाली मांडली आणि बसले.

"बाबा, उठा तिथून!"

"टेकूखालच्या पाचरी काढ."

"वर केवढं ओझं आहे!"

"येऊ दे की तिच्या अंगावर. ओझ्यावाचून कमान उभी राहत नाही, पोरा."

एलियाने हातोडा उचलला. एक पाचर डावीकडची, एक उजवीकडची, बाबांनी शिकवलं होतं तसं आलटून पालटून. शेवटची निघाली आणि टेकू बोटभर खाली आला.

वर दगड कुरकुरले. कमान केसभर सरकली. चुन्याची भुकटी बाबांच्या डोक्यावर सांडली.

"पडली!" एलिया ओरडला आणि त्याने डोळे मिटून घेतले.

...

त्याने डोळे उघडले. टेकू आणि दगड यांच्यात आता फट होती. तिच्यातून पलीकडच्या रंगीत काचेचा निळा उजेड आत येत होता.

बाबांनी केस झटकले.

"बसली रे ती जागेवर. जा, मंडळींना म्हणावं, तुम्हीही आत येऊन बसा."