कालवलेलं ताट

आमच्या कॉलनीतल्या सरनोबतकाकू ओला-सुका कचरा रोज निगुतीनं वेगळा करायच्या, आणि घंटागाडीवाले दोन्ही डबे बेधडक एकत्र ओतायचे. कॉलनीच्या पंगतीला पालिकेचे स्वच्छता अधिकारी आले, तेव्हा काकूंनी वाढता वाढता जाब विचारला.

साहेब हसले. "एका घरानं काय फरक पडतो, बाई? शेवटी सगळं एकाच डेपोत जातं."

काकूंचं डोकंच फिरलं. त्यांनी साहेबांच्या श्रीखंडावर आमटी ओतली, लोणचं टाकलं आणि डावानं सगळं कालवलं.

"अहो, हे काय?"

"शेवटी एकाच पोटात जाणार ना?"

"असं कोण खाईल? वेगळं वाढा!"

"वेगळंच वाढलं होतं की! आता यातलं श्रीखंड तेवढं परत काढून दाखवा. जमलं, तर उद्यापासून मीही एकच डबा ठेवते."