हात वर झाले की उठायचं

पाव्हणं, चपला काढा, पण तोंडं बाहेरच्या बाजूला करून ठेवा. का ते सांगतो. आमच्या उंबरठाण्याच्या तालमीची ही मधली तुळई बघा. नवी आहे, लोखंडी आहे, इंजिनियर बघून गेलाय. तरी माझं अर्धं लक्ष तिच्यावरच. मला इथं निवांत बसवत नाही, माझ्या वस्तादांनाही बसवत नव्हतं.

तुम्ही जिमवाली पोरं, संध्याकाळची शरीरसौष्ठव स्पर्धा बघायला आलात. जुन्या काळी असल्या स्पर्धा नव्हत्या म्हणे. नागपंचमीला कुस्त्या व्हायच्या आणि त्याआधी गावचा पैलवान येसबा चौगुले अंग दाखवायचा. मारुतीपुढच्या ओट्यावर उभा राहायचा, पाठ फिरवायचा, मांड्या ताणायचा. बायाबापड्या, पोरंसोरं, तालीम गच्च. शेवटी दोन्ही हात वर करून दंड फुगवायचा आणि बायकोकडे, तानूबाईकडे बघून भुवई उडवायचा. मग लोक तालीम डोक्यावर घ्यायचे.

त्या वर्षी तालमीच्या छपरात, मातीच्या माळवदात, पाऊस मुरला होता. येसबानं हात वर केले आणि तेवढ्यात डोक्यावरची तुळई भिंतीतून सुटली, असं सांगतात. त्यानं ती तळहातांवर झेलली. अंगावरची शीर न् शीर उभी राहिली. असा दंड गावानं कधी पाहिला नव्हता, तेव्हा टाळ्या सुरू झाल्या. नीट दिसावं म्हणून मागचे पुढं सरकले. 'अजून थोडं, येसबा,' म्हणायला लागले. त्याला बोलता येईना. तोंड उघडलं की दम सुटणार, दम सुटला की तुळई.

एकट्या तानूबाईला ते कळलं. भुवई उडाली नव्हती. तिच्याकडे न बघता तो एकसारखा दाराकडे बघत होता. तिचं सगळं अंग त्याच्याकडे धाव घेत असणार, पण ती धावली नाही. लोकांकडे वळून म्हणाली, "खेळ नाही हा. उठा, पोरं घ्या, बाहेर व्हा." निम्मे हसले. तिनं शेजारणीचं पोर कडेवर घेतलं आणि चालू लागली, तेव्हा कुठं माणसं हलली.

शेवटचा माणूस उंबऱ्याबाहेर पडल्यावर तिनं आत वळून सांगितलं, "झाले सगळे."

मग येसबानं तिच्याकडे बघून भुवई उडवली म्हणे. माळवद त्यानंतर खाली आलं.

आजही आमच्या स्पर्धेत गड्यानं दोन्ही हात वर केले की टाळी वाजत नाही. पंचांसकट सगळे उठून बाहेर जातात. दारातून गावची एक बाई 'झाले सगळे' म्हणते, मग तो हात खाली घेतो. बाहेरगावच्या गड्यांना आधी अपमान वाटतो. वाटू दे. मागच्या साली एक पाव्हणा मोबाइल धरून आतच बसला. वर ओट्यावरच्या पोराचे दंड थरथरायला लागले, तोंड लालबुंद झालं, तरी पोरगं हात खाली घेईना. मी त्या पाव्हण्याला बखोट धरून बाहेर ओढलं.

तेव्हा तुम्ही आपले दाराजवळ बसा. तुम्ही उठेपर्यंत गडी हात खाली घेणार नाही.