म्हाताऱ्या खारींचे दाणे

फार पूर्वी एका रानातल्या खारी रोज चार दाणे एका ढोलीत टाकत. दात पडलेल्या खारी त्यावर जगत. एकदा दूरदेशीचे करकोचे आले. म्हणाले, "ढोलीतले दाणे आम्हाला द्या, त्यात आमचंही बियाणं घालतो. नदीकाठी पेरू, दुप्पट होईल."

म्हातारी खार झुबकी तरण्या खारींना म्हणाली, "निम्मेच द्या. पीक येईपर्यंत आम्ही काय खायचं?"

निम्मे दिले. ज्वारी डोलू लागली, पण वारा फिरताच करकोचे मायदेशी उडाले आणि उभं पीक पोपटांनी फस्त केलं. म्हाताऱ्या उरलेल्या दाण्यांवर कशाबशा तगल्या. तरण्या खारी करकोच्यांना शिव्या देऊ लागल्या.

"पाहुणे जाणारच," झुबकी म्हणाली. "राखणीला आपल्यातलं कोण होतं?"

पुढल्या वर्षी करकोचे आले. खारींनी पुन्हा निम्मेच दाणे दिले आणि बांधावर स्वतः जाऊन बसल्या.