पलीकडचे धूर

पूर्वी शीतला नदीच्या अलीकडे, कुमुदनगरात दृढवर्मा राजा राज्य करीत असताना, बोधिसत्त्व तिथल्या धूर मोजणाऱ्यांच्या कुळात जन्मला. हिवाळ्यात नदीवर असे दाट धुके साचे की पलीकडचे राज्य पार बुडून जाई. चुलींचे धूर तेवढे धुक्यावर निघालेले दिसत. टेकडीवर बसून ते मोजायचे आणि राजाला सांगायचे, म्हणजे पलीकडे माणसे किती आहेत याचा अंदाज येई.

काम काही फार मानाचे नव्हते. "लोकांच्या चुली मोजता, आपल्या चुलीत लाकूड आहे का ते बघा," असे बायको म्हणे. पण त्याला ती वेळ फार आवडे. त्या पांढऱ्या शांततेतून एकेक धूर सावकाश वर येई, जणू कुणी झोपेत बोलत आहे. काठालगतचा पहिला धूर त्याच्या लेकीच्या चुलीचा. तिला पलीकडेच दिली होती.

एका सकाळी चाळीस धूर जास्त निघाले. त्याने तसे सांगितले. सेनापती उग्रबाहू म्हणाला, "फौज जमते आहे." राजाने खेड्यांतून माणसे बोलावली, त्यांच्या चुली पेटल्या. आठवडाभरात पलीकडे शंभर धूर वाढले. मग इकडे दोनशे. भाले परजले जाऊ लागले, आणि चढाईचा दिवसही ठरला.

मग एकदा वारा फिरला आणि धुक्यातून उसाचा रस कढत असल्याचा गोड वास आला. बोधिसत्त्व टेकडीवरून उतरला. तो तडक राजाकडे गेला.

"महाराज, पहिले चाळीस धूर गुऱ्हाळांचे होते. चूक माझी. बाकीच्या चुली आपल्याला भिऊन पेटल्या आहेत. तीन दिवस आपल्या चुली विझवा. मी पलीकडे जाऊन सांगतो."

"आणि तेवढ्यात ते चालून आले तर?" उग्रबाहूने विचारले.

"तर पहिला मी मरेन. पण कुणी तरी आधी विझवल्याशिवाय हे थांबायचे कसे?"

राजाने चुली विझवण्याचा हुकूम दिला. मग म्हणाला, "जा."

पलीकडे उतरताच हेर म्हणून त्याला बांधले आणि राजा पुष्पकेतूपुढे उभे केले. इतक्यात तिथला धूर मोजणारा धापा टाकत आला. "महाराज, पलीकडे एकही धूर नाही."

"डाव आहे," तिथला सेनापती म्हणाला.

"डाव नाही," बोधिसत्त्व म्हणाला. "तिथली पोरे आज पाण्यात कालवलेले सातूचे पीठ खात आहेत."

पुष्पकेतूने त्याला नीट न्याहाळले. "तुला भीती नाही वाटत?"

"वाटते, महाराज. माझी लेक इथे आहे, बायको तिथे. कुणीही जिंकले तरी मी हरणारच."

पुष्पकेतूने स्वतः त्याचे दोर सोडले आणि आपल्या फौजेला घरी जायला सांगितले. नदीवर कितीतरी दिवसांनी धुके आणि नेहमीचे धूर तेवढे उरले.

एवढे सांगून शास्ता, म्हणजे भगवान बुद्ध, समोर बसलेल्या दोन भांडलेल्या भिक्खूंकडे पाहत म्हणाले, "भिक्खूंनो, तेव्हाचा दृढवर्मा म्हणजे हा भद्रघोष, पुष्पकेतू म्हणजे त्याच्याशेजारी बसलेला सोमिल, आणि धूर मोजणारा तो मीच."

"आणि ते दोन सेनापती?" एका भिक्खूने विचारले.

"ते अजून जन्म घेतच आहेत," शास्ता म्हणाले. "म्हणून समोरच्याच्या आधी आपली चूल विझवावी लागते. त्यालाच मैत्री पारमिता, म्हणजे मैत्रीची परिपूर्णता, म्हणतात."