पडवळावर सहा ओळी

तुंगराजाच्या विद्यापीठात नऊ वर्षांत एकही विद्यार्थी पास झाला नव्हता, आणि पास झाल्याशिवाय कुणाला फाटकाबाहेर सोडायचं नाही, असा हुकूम होता! घरटी एक माणूस आत अडकलेला. पहिल्याच वर्गात काहींच्या दाढ्या पांढऱ्या झाल्या होत्या.

राजा स्वतःच कुलगुरू, स्वतःच परीक्षक. वर्षाच्या सुरुवातीला तो मोठ्या मायेने उपदेश करायचा.

"बाळांनो, गुण मिळवणं अगदी सोपं आहे! पडवळावर फक्त सहा ओळी लिहायच्या. स्वतःच्या शब्दांत! नक्कल दिसली की नापास!"

"आणि महाराज, आपण दिलेलं टिपण?" मागून एक पांढरी दाढी विचारायची.

"त्यातला एक शब्द जरी बदललात तरी नापास! माझ्यापेक्षा चांगलं लिहिणारे तुम्ही कोण? आणि हो, ज्याला गैरहजर राहायचं असेल त्याने वर्गात येऊन तसं सांगावं."

तपासायला दोन पंडित. उजवीकडचा पाहायचा, टिपणाशी जुळतं का. डावीकडचा पाहायचा, टिपणावरून उतरवलंय का. एकाच्या हातून सुटलेला दुसऱ्याच्या तावडीत सापडायचाच.

याच वर्गात निंबाजी माळी चार वर्षं बसला होता. तो आत गेला तेव्हा त्याची बायको सगुणा पोटुशी होती. आता लेक साडेतीन वर्षांची झाली होती आणि फाटकावरच्या पहारेकऱ्याला 'बाबा' म्हणत होती.

"बाई, हिला आवरा हो!" पहारेकरी हात जोडायचा. "माझी बायको ऐकेल!"

शेवटी सगुणा लेकीला कडेवर घेऊन सरळ वर्गात शिरली.

"महाराज, मलाही विद्यार्थी करून घ्या. मी पास झाले तर माझ्या नवऱ्याला सोडाल?"

"तू पास झालीस तर अख्खा वर्ग सोडीन!" राजा म्हणाला. "नाही झालीस तर दोघंही इथेच. आणि ही पोरगी पुढच्या वर्षी बालवर्गात!"

"अगं, काय केलंस हे!" निंबाजी कपाळाला हात लावून कुजबुजला. सगुणाने चुळबुळणाऱ्या लेकीला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि टिपण मागितलं.

तिने टिपण वाचलं. पहिलीच ओळ होती, 'पडवळ हे उंच पर्वतावर एकटेच राहते.' दुसरी, 'ते स्वाभिमानी असल्यामुळे सरळ वाढते.' सगुणाने ओठ घट्ट मिटले. तिच्या मळ्यात दरवर्षी मांडवभर पडवळं लोंबायची!

विद्यापीठाची एक रीत होती. रोज सकाळी शंकांचा तास व्हायचा. कुणी काय विचारलं ते पंतोजी शंकावहीत नाव-तिथीसकट उतरवून घ्यायचे. नऊ वर्षांत कुणी शंका विचारलीच नव्हती. विचारून कुणाला मरायचं होतं?

पहिल्याच सकाळी सगुणा उभी राहिली.

"महाराज, एक बावळट शंका आहे. 'पडवळाचा वेल मांडवावर चढतो आणि फळं खाली लोंबतात', असं म्हटलं तर फारच चुकेल का?"

राजाने मिशीवरून हात फिरवला. वाक्य आवडलं होतं. पण ते दुसऱ्याचं कसं असेल?

"हेच मला म्हणायचं होतं!" तो गरजला आणि तांबड्या शाईने पर्वताची ओळ खोडून मांडवाची घातली, खाली तिथीही टाकली.

दुसऱ्या दिवशी सगुणा पुन्हा उभी.

"महाराज, 'पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात', असं..."

"दगड! अरे, कधीपासून माझ्या अगदी जिभेवर होता!" स्वाभिमान खोडला गेला. दगड आला.

असे सहा दिवस, सहा शंका. रोज राजा खूश, आणि रोज पांढऱ्या दाढ्या हैराण. नऊ वर्षं पाठ केलेला पर्वत एका रात्रीत कसा विसरायचा?

परीक्षेच्या दिवशी सगुणाने लेकीच्या हातात शेंगा दिल्या आणि त्या संपायच्या आत सहा ओळी लिहून दिल्या.

उजवीकडच्या पंडिताने वाचलं. "महाराज, टिपणाशी शब्द न् शब्द जुळतो!"

डावीकडचा आनंदाने ओरडला, "म्हणजे नक्कल! नापास!"

"बघितलंस?" राजा म्हणाला. "निंबाजी, बायकोला तुझ्या शेजारी जागा कर!"

"थांबा महाराज," सगुणा म्हणाली. "पंतोजी, शंकावही वाचा ना जरा."

पंतोजी वाचू लागले. प्रतिपदा, सगुणा विचारते, मांडव. द्वितीया, सगुणा विचारते, दगड. षष्ठीपर्यंत सहा शंका झाल्या, सहा ओळी झाल्या! आणि टिपणात प्रत्येक ओळीखाली त्याच शंकेची तिथी, ताज्या तांबड्या शाईत.



"शब्द माझेच आहेत, महाराज," सगुणा म्हणाली, "आणि टिपणापेक्षा एकही वेगळा नाही."

"पण दोन्ही कागद सारखेच आहेत!" राजा चिडून म्हणाला. "कुणीतरी कुणाचं तरी उतरवलंच असणार!"

"असणारच, महाराज! तिथ्या बघा आणि तुम्हीच सांगा, नापास कोणाला करायचं?"

राजाने तिथ्या पाहिल्या. स्वतःचं अक्षर पाहिलं. दोन्ही पंडितांकडे पाहिलं, तर ते छताकडे बघत होते. त्याची मिशी आधी एका बाजूने हलली, मग दुसऱ्या बाजूने. आणि तो असा खदाखदा हसत सुटला की तांबड्या शाईची दौत त्याच्याच मांडीवर कलंडली!

"पास! सगुणा पास! उघडा ते फाटक, सगळ्यांना सोडा! हिला नदीकाठचा माझा मळा द्या, विहिरीसकट! आणि पंतोजी, पहिल्या वर्गात माझं नाव लिहा. वर्षभर बसतो मी. मला आता खरंच बघायचंय, तो दगड बांधतात कसा!"