पायथ्याच्या चिंचेपर्यंत

रानात अजून एकही पायवाट पडली नव्हती, तेव्हाची ही गोष्ट. वणव्याची खबर सगळ्यांना वेळेवर मिळावी म्हणून राजाने अनुदान जाहीर केलं आणि जाळी विणणाऱ्या आठपायी कोळ्यांनी रानभर धागे ओढले. धागा थरथरला की पळायचं.

साळू साळिंदरीच्या बिळापर्यंत मात्र धागा आलाच नाही. गेल्या उन्हाळ्यात धूर नाकात गेला तेव्हा कुठे तिला वणवा कळला, आणि पिल्लांना घेऊन पळताना तिचे अर्धे काटे करपले. त्यानंतर तिने चार अर्ज केले. चारही वेळा एकच उत्तर आलं, "तुमच्या टेकडीवर धागा पोहोचला आहे."

शेवटी धागाखात्याचे कोल्हेसाहेब, कावळे कारकून धरून चौघांना घेऊन पाहणीला आले.

"कुठे आहे धागा? दाखवा तरी!" साळू करवादली.

"पायथ्याच्या चिंचेला आहे ना," कोल्हेसाहेब नकाशा उलगडत म्हणाले.

"चिंच तिकडे पायथ्याला, मी इकडे माथ्यावर!"

"एका झाडाला मिळाला की सगळ्या टेकडीला मिळाला, असा नियम आहे, बाई."

साळूने कपाळाला हात लावला. मग तिने कंद भाजायला घेतले. टेकडी चढून दमलेली मंडळी वासानेच पंगतीला बसली. साळूने कावळे कारकुनापुढे पान मांडलं, त्याला पोटभर वाढलं आणि हात धुतले.

"आणि आम्हाला?" कोल्हेसाहेबांनी विचारलं.

"कावळेभाऊ जेवले ना, साहेब. म्हणजे तुम्ही पाचही जण जेवलात," साळू म्हणाली. "घ्या लिहून."